दोन म्हणजे केवढे

शाळेतल्या मुलांना हल्ली मापांचं कोष्टक पाठ करायला लावतात. दोन चिपटी म्हणजे एक मापटं, दोन मापटी म्हणजे एक शेर, चार शेर म्हणजे एक पायली. शेजारची पोरं संध्याकाळी ओसरीवर बसून ते घोकतात आणि मला हसू येतं. पायली कोणाची, ते त्या पुस्तकात कुठेच लिहिलेलं नाही. अमरावतीची पायली वेगळी, अकोल्याची वेगळी. अमरावतीतसुद्धा घेताना शीग लावून घ्यायची आणि देताना वरून हात फिरवून सपाट करून द्यायची, आणि हे सगळं एकाच घरातल्या एकाच पायलीने. पुस्तक लिहिणाऱ्याने बहुधा कधी कोणाकडून ज्वारी मोजून घेतलेली नसावी.

अक्षर मी तिशीनंतर शिकले. माझी खानावळ होती, तिथे एक मास्तर जेवायला यायचे. त्यांनी भाकरीच्या बदल्यात मला बाराखडी शिकवली. तेव्हा माझ्या लिहिण्यात चूक निघाली तर ती मास्तरांची. मापात मात्र चूक निघायची नाही. मापं मी भाकरी थापता थापता शिकले आहे.

कापसाच्या धामधुमीचे दिवस होते. सातासमुद्रापलीकडे कुठेतरी गोरे भाऊभाऊ आपसांत लढत होते, त्यांचा कापूस अडकला होता, आणि म्हणून विलायतेच्या गिरण्यांना एकाएकी वऱ्हाडची आठवण झाली होती. अमरावतीच्या परकोटाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागायची ती नजर पोचेल तिथपर्यंत. त्या गाडीवानांना जेवू घालायचं काम मी करायची. नवरा गाडी हाकत असे. तो एका पावसाळ्यात तापाने गेला. मागे उरली एक खोली, एक चूल, वरण शिजवायचे दोन मोठे गंज आणि भिंतीला लागून गल्लीची विहीर. तेवढ्यावर मी खानावळ उभी केली. एक भाकरी थापणारी बाई हाताखाली होती. वरण, झुणका, भाकरी, ठेचा, आणि उन्हातून आलेल्या माणसाला पोटभर पाणी. खरं सांगायचं तर गाडीवान माझ्याकडे वरणासाठी येत नव्हते, पाण्यासाठी यायचे. वरण सगळीकडे पातळच असतं.

अकोल्याला माझा दीर होता. मोठं घर, बारा माणसांचा राबता, आणि स्वयंपाकाला माणूस नाही. दर सणाला त्याचा निरोप यायचा: "वयनी, एकटी काहून राह्यते तथी? हे तुयंच घर हाय." तुझंच घर म्हणजे काय, ते मी नवरा जिवंत असताना दोन वर्षं तिथे राहून पाहिलं होतं. सगळ्यांची पानं उठल्यावर चुलीपुढे बसून जे उरेल ते खायचं, आणि पाटाशी आपला संबंध तो फक्त पुसून उचलून ठेवण्यापुरता. विधवा होऊन गेले असते तर तेवढंही नाही. खानावळ चालली तर मी अमरावतीत, बंद पडली तर अकोल्यात. माझ्या जिवाचा एवढाच प्रश्न होता. आणि खानावळ चालायची ती विहिरीवर.

गल्लीत बावीस घरं. उन्हाळ्यात विहिरीचं पाणी सकाळी चांगलं असायचं, दुपारी खाली जायचं आणि रात्रभरात पुन्हा झिरपून वर यायचं. दिवसाला दीडशे घागरींच्या वर ती द्यायची नाही. हे कोणी मोजलं नव्हतं, पण बायकांना ठाऊक होतं. कोणाची किती, कोणाच्या घरी पाहुणे आले, कोणाच्या घरी बाळंतीण आहे, सगळं विहिरीवरच कळायचं. माझ्या चोवीस घागरी. त्याबद्दल कोणी कधी बोललं नाही, कारण गल्लीतल्या निम्म्या घरांत माझ्याकडची उरलेली भाकर जायची.

आता पंचांबद्दल सांगते. गल्लीचे पाच पंच होते, पाचही कापसात वर आलेले. तीन वर्षांपूर्वी हे लोक उघड्या डोक्याने गाड्यांमागे धावताना मी पाहिले होते. आता त्यांच्या बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या होत्या आणि पाचही जणांकडे एकेक खिशातलं घड्याळ होतं. घड्याळ कसं पाहायचं ते एकालाही येत नव्हतं. ते बाहेर काढायचं, कानाला लावायचं, मान हलवायची आणि परत खिशात ठेवायचं, एवढा विधी. पाच घड्याळांत पाच वेळा असत. पण विचारायचं कोणी? विचारलं की आपल्याला येत नाही हे उघडं पडणार. तेव्हा पाचही घड्याळं बरोबर. थोरल्या पंचाचं घड्याळ तर दिवाळीपासून बंद होतं आणि तरीही तो दिवसातून चार वेळा त्याला कान लावून "लय वखत झाला" म्हणायचा.

अशा या पंचांकडे एक साहेब आला. तो इंग्रज नव्हता, फरासीस होता, म्हणजे फ्रान्स देशाचा. आमच्या लेखी गोरा तो गोरा. त्याला आमच्या गल्लीच्या तोंडाशी कापसाच्या गाठी बांधायचा कारखाना घालायचा होता, वाफेवर चालणारा. वाफ करायला बंब, आणि बंबाला पाणी. विहिरीच्या ओट्यावर सतरंजी टाकून बैठक झाली. मी आत वरणाला फोडणी देत होते, दार उघडं होतं, सगळं ऐकू येत होतं. साहेब काहीतरी बोलला आणि त्याच्या दुभाष्याने सांगितलं, "साहेबांले रोज दोन किलोलिटर पाणी पाहिजे. फक्त दोन."

बाहेर एकेक पंच खोकला. पाचांपैकी एकालाही तो शब्द ठाऊक नव्हता हे मला चुलीपाशी बसून कळलं. थोरल्या पंचाने घड्याळ काढलं, कानाला लावलं आणि म्हणाला, "दोनच ना?"

"दोनच," दुभाष्या म्हणाला.

"दोन तं काहीच नाई. आमी तं म्हटलं वीस-पंचवीस मांगते का काय."

बाकीचे चौघे हसले. मोकळं झाल्यासारखे हसले. बदल्यात साहेब काय देणार? तर कारखाना सुरू होईल त्या दिवशी भोंग्याची दोरी पहिल्यांदा थोरल्या पंचाने ओढायची आणि मग वयाप्रमाणे बाकीच्यांनी. शिट्टी वाजवायला मिळते म्हणून लहान मूल जेवढं हरखेल त्याच्या दुप्पट ते पाचजण हरखले. मला राहवलं नाही. पदर सावरून दारात आले आणि म्हटलं, "दोन म्हणजे केवढे? घागर, का पीप, का काय?"

थोरला पंच माझ्याकडे न बघता म्हणाला, "बाई, तुमी वरन पाहा. लागन खाली."

वरण खरंच लागलं. त्या दिवशी मी ते तसंच वाढलं आणि गाडीवानांना सांगितलं की हे पंचांच्या कृपेने लागलं आहे.

कागद झाला. पाचांनी सह्या केल्या, म्हणजे तिघांनी सह्या आणि दोघांनी अंगठे. एक गोष्ट तेव्हाच माझ्या मनाला लागली आणि अजून लागते. आमच्या विहिरीवर चढायची सगळ्यांना मुभा नव्हती. गल्लीमागच्या वस्तीतल्या बाया लांब उभ्या राहायच्या, कोणाला दया येईल तेव्हा त्यांच्या मडक्यात वरून पाणी पडायचं. त्यांना एक मडकं द्यायचं तर पंचांना विटाळ आठवायचा. बंबाची जात मात्र कोणी विचारली नाही.

साहेबाचा खानसामा म्हातारा होता, मूळचा अकोल्याचा मुसलमान. साहेबाच्या घरचं सूप त्याला सोसायचं नाही म्हणून दुपारी माझ्याकडे भाकर खायला यायचा. मी त्याला चाचा म्हणायची. त्या दिवशी भाकर वाढता वाढता विचारलं, "चाचा, हे किलोलिटर काय लफडं हाय?"

चाचाने कपाळावर हात मारला. "मत पूछो बाई. साहेबाले चमच्यानं, वाटीनं, शेरानं काहीच चालत नाई. समदं लिटर. दूध लिटर, तेल लिटर, सूप लिटर. एक पत्र्याचं भांडं देलं हाय मले, थ्यानंच मोजा. थे दहा झाले का वेगळं नाव, शंभर झाले का वेगळं नाव, हजार झाले का किलोलिटर. नुस्ता दहाचा पाढा."

"हजार?"

"हजार. आन् आंघोयीले रोज शंभर लागते थ्याले. टब हाय. थ्याच्यात बसून राह्यते, म्हशीवानी."

दुसऱ्या दिवशी मी चाचाकडून ते पत्र्याचं भांडं मागून आणलं. तासाभरासाठी, साहेब झोपलेला असताना. माझ्या शेराच्या मापापेक्षा ते थोडं मोठं निघालं. आमची मापं कशी, हाताला धरून असतात. मूठ, ओंजळ, पोट. चार माणसांना किती, हे माप बघून कळतं. साहेबाचं माप कशालाच धरून नव्हतं, फक्त दहाला धरून होतं. पण एक कबूल करते: ते सगळीकडे सारखं होतं. त्याला शीग नव्हती. काठापर्यंत भरलं की भरलं.

आधी मी ते वाटीने मोजलं, कारण माझं डोकं वाटीतच चालतं. एका भांड्यात खानावळीच्या पाच वाट्या. म्हणजे हजारात पाच हजार वाट्या. एका गाडीवानाला मी दोन वाट्या वरण वाढते. एक किलोलिटर म्हणजे अडीच हजार गाडीवान. दोन म्हणजे पाच हजार गाडीवान. अख्ख्या मोसमात माझ्याकडे एवढे जेवत नसतील. आणि हे साहेबाचं रोजचं, एका बंबाचं!

मग घागर घेतली. माझी नेहमीची तांब्याची घागर. भाकरी थापणारी बाई मोजत होती, मी ओतत होते. बारा भांडी आणि वर अर्धं, तेव्हा घागर काठाला आली. चाचाच्या साहेबाची आंघोळ म्हणजे आठ घागरी. आठ घरांच्या आंघोळी! आठाच्या दहापट ऐंशी, म्हणजे एक किलोलिटर. दोन म्हणजे एकशेसाठ घागरी. आणि विहीर देणार दीडशे.

मी खालीच बसले. पहिल्यांदा डोळ्यांपुढे आलं ते अकोल्याचं ते स्वयंपाकघर, पुसून भिंतीला टेकवून ठेवलेले ते पाट. भाकरी थापणारी बाई म्हणाली, "काय झालं वो बाई?" मी म्हटलं, "आपली इहीर इकली, माय. आन् इकणाऱ्याले अजून पत्ता नाई."

त्याच संध्याकाळी थोरल्या पंचाच्या ओसरीवर गेले. एकशेसाठचा हिशोब सांगितला. त्याने ऐकून घेतलं. त्याचा चेहरा उतरला, मी पाहिलं. पण मी बाई, आणि खानावळवाली. माझ्यापुढे हरायचं कसं? घड्याळ कानाला लावून तो म्हणाला, "आमाले ठाव होतं. पुरा इचार करूनच देलं आमी."

"मंग गल्ली काय पेईन?"

"देव देईन."

बाकीच्या चौघांकडेही जाऊन आले. चौघांनाही आधीपासून ठाऊक होतं. अडाणी फक्त मी होते. एकाने तर सांगितलं की विलायती किलोलिटर मोठा असतो, पण हिंदुस्थानात आल्यावर उन्हाने आटतो. आठवडाभराने साहेबाचा बंब, पंप आणि लोखंडी टाकी आली, टाकी विहिरीपासून वीस पावलांवर मांडली. छातीइतकी उंच, तेवढीच लांबरुंद. पंच तिच्याभोवती फिरले आणि म्हणाले की हे महिन्याचं पाणी असन.

रडून उपयोग नव्हता, भांडूनही नव्हता. समजावून सांगितल्याने ज्याला कळतं तो पंच कशाला होईल? तेव्हा मी त्यांच्या खळ्यावरच्या रीतीला हात घातला. खळ्यावर रास मोजायची तर मापं देणाऱ्याने स्वतःच्या हाताने घालायची. पीक मजूर कापतील, पण लक्ष्मी घरची ती घरच्याच हाताने द्यायची. पहिल्या मापाला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं. आणि एकदा लाभ म्हटलं की शेवटच्या मापापर्यंत थांबायचं नाही, मधे कोणाशी बोलायचं नाही. रास अर्धी मोजून ठेवली तर घरात बरकत राहत नाही. हे सगळे शेतातून वर आलेले लोक. घड्याळ नवीन होतं, पण ही भीती जुनी होती.

मी थोरल्या पंचाला म्हटलं, "साहेबाचा पंप पुढं रोजच चालन. पन पहिल्या दिवसाचं पानी पंचांच्या हातानं जावं, लाभ म्हणून. पानी म्हणजे लक्ष्मीच हाय. साहेब पाह्यन तं म्हनन, काय रीत हाय या लोकायची."

शेवटचं वाक्य लागू पडलं. साहेबासमोर आपली रीत दाखवायची म्हटल्यावर पाचहीजण धुतलेली धोतरं आणि जरीच्या पगड्या घालून सूर्य उगवायला हजर. साहेब खुर्ची टाकून बसला. दुभाष्याने त्याला रीत सांगितली तेव्हा तो टाळ्या वाजवून हसला. विहिरीवर दोन रहाट होते. घागरी मी दिल्या, माझ्याच. मोजायचं काम चाचाकडे. साहेबाचा विश्वास त्याच्यावर होता आणि माझाही.

थोरल्या पंचाने पहिली घागर ओढली आणि टाकीत ओतली. "लाभ!" सगळे ओरडले. टाकीच्या तळाला एवढंसं पाणी झालं, ओल्या फडक्याने पुसल्यासारखं. "दोन. तीन. चार." वीस पावलं जायचं, वीस पावलं यायचं. दहाव्या घागरीला पगड्या उतरल्या. विसाव्या घागरीला थोरल्या पंचाने टाकीत वाकून पाहिलं आणि सरळ उभा राहिला तेव्हा त्याचं तोंड मला अजून आठवतं. त्याने चाचाकडे पाहिलं. बोलता तर येत नव्हतं. चाचा म्हणाला, "एकवीस."

चाळीस झाल्या तेव्हा ऊन चढलं होतं. एक पंच ओट्यावर बसला, त्याच्याच बायकोने गर्दीतून आवाज दिला, "बसू नोका, बरकत जाईन." ऐंशीला चाचाने हात वर करून साहेबाला सांगितलं की एक झाला. एक! पाच माणसांनी सकाळपासून ओढलं, गल्लीचं निम्मं पाणी संपलं, आणि झाला एक. गल्लीतल्या साऱ्या बायका रिकाम्या घागरी घेऊन उभ्या होत्या. कोणाच्या चुलीवर अजून आधण नव्हतं. नुसत्या पंचांकडे बघत होत्या.

एकशेतिसाव्या घागरीला पोहरा तळाला लागल्याचा आवाज आला. त्यानंतर गढूळ पाणी आलं, मग चिखल. एकशेएकेचाळिसाव्या घागरीत एक बेडूक होता. चाचाने तीही मोजली. एकशेसत्तेचाळीसला विहीर संपली. टाकीचा वरचा पाच-सहा बोटांचा भाग कोरडा होता. साहेबाने काठी आत घालून पाहिली, मान हलवली आणि दुभाष्यातर्फे विचारलं की उरलेलं कधी देणार?

पाच पंच ओट्यावर आडवे पडले होते. थोरल्याच्या घड्याळात पाणी गेलं होतं. त्याचं तसं काही बिघडलं नाही.

त्या रात्री पाचांपैकी एकाच्याही घरी चूल पेटली नाही, असं विहिरीवर नंतर कळलं. पाणी नव्हतं हे एक कारण. दुसरं कारण बायका. दुसऱ्या दिवशी सकाळी पंच साहेबाकडे गेले आणि म्हणाले की विहिरीत देवी आहे, तिने थोरल्या पंचाला स्वप्नात येऊन नाही म्हणून सांगितलं. साहेबही हिशोबी माणूस. जी विहीर एका दिवसात कोरडी पडते ती देवीची असो की कोणाची, त्याच्या कामाची नव्हती. रेल्वेचे रूळ पडत होते त्या बाजूला कुठेतरी एक नाला होता, तिकडे तो टाकी आणि बंब घेऊन गेला. पुढे त्या गोऱ्या भावांची लढाई मिटली, कापसाचा भाव पडला आणि साहेब निघून गेला. बंब तिथेच होता. त्यात कोंबड्या अंडी घालायच्या असं चाचा सांगायचा.

इथे ही गोष्ट संपली असती तर मी पंचांना माफ केलं असतं. देवीने विहीर वाचवली म्हणाले, म्हणोत. देवीला माझ्यापेक्षा जास्त नैवेद्य मिळाला, मिळो. पण त्या दिवसापासून पंचांना एक नवीन विद्या आली होती. त्यांना घागरी मोजता येऊ लागल्या. हाताला फोड येईपर्यंत मोजल्या होत्या, विसरतील कसे? आणि मोजता यायला लागल्यावर त्यांनी पहिल्यांदा कोणाच्या मोजल्या? माझ्या.

विहीर सावरायला पंधरा दिवस लागले. तेवढ्यात पंचांची बैठक झाली. गल्लीत सगळ्यांत जास्त पाणी खानावळ ओढते, रोज चोवीस घागरी. बाईमाणसाला एकटीला एवढं पाणी कशाला? ठराव झाला की खानावळीला रोज बारा घागरी, तेराव्या घागरीला रहाटाला हात लावायचा नाही. कागद झाला, सह्या झाल्या, अंगठे झाले. ओट्यावर एक माणूस बसवला, तो माझ्या प्रत्येक घागरीला भिंतीवर चुन्याची रेघ ओढणार. थोरला पंच मला म्हणाला, "बाई, हिशोब तं तुमीच शिकवला ना आमाले."

मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं, आणि ते त्याला दिसलं याचा अजून जास्त राग आला. बारा घागरींत निम्मे गाडीवान. निम्म्या गाडीवानांत खानावळ चालत नाही. बाईचा पगार, सरपण, डाळ, काहीच निघत नाही. त्याच आठवड्यात अकोल्याचा निरोप आला, जणू वास लागला होता: "ऐकलं का पान्याची तंगी हाय तथी. ये, वयनी. हे तुयंच घर हाय." मी दोन रात्री जागून काढल्या. तिसऱ्या सकाळी उठून तो ठरावाचा कागद मास्तरांकडून पुन्हा एकदा वाचून घेतला. मग तिसऱ्यांदा वाचायला लावला. मास्तर वैतागले.

मी तडक तांबटाकडे गेले.

चार दिवसांनी मी आणि भाकरी थापणारी बाई, दोघी बांबूला टांगून एक घागर घेऊन विहिरीवर आलो. तांब्याची, नवी कोरी, लखलखीत. तोंड जुन्या घागरीएवढंच, गळा तेवढाच, पण पोट असं की दोन जुन्या घागरी तिच्यात रिकाम्या कराव्यात. चुनेवाला उठून उभा राहिला. मी पाणी ओढलं, पोहऱ्यामागून पोहरा. भरली तेव्हा मोठ्याने म्हटलं, "लाभ!" आणि त्याला म्हटलं, "ओढ रेघ. एक झाली."

तो पळत जाऊन पंचांना घेऊन आला. पाचही आले, घागरीभोवती फिरले, टाकीभोवती फिरले होते तसेच. एक म्हणाला, "हे काय हाय, बाई?"

"घागर हाय."

"हे घागर व्हय?"

"मंग केवढी पाहिजे? कागदात लिहिलं असन ना तुमी. पुरा इचार करूनच लिहिलं असन."

कागदात बारा होतं. बारा कोणत्या, हे लिहायचं राहून गेलं होतं. आणि राहून गेलं असं म्हणायचं म्हणजे पुन्हा तेच हरणं, दुसऱ्यांदा, त्याच विहिरीवर, त्याच बाईपुढे. थोरल्या पंचाने घागरीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. खिशातून बंद घड्याळ काढून कानाला लावलं.

"लय वखत झाला," तो म्हणाला आणि घरी गेला. बाकीचे चौघेही गेले. चुनेवाल्याने महिनाभर रोज बारा रेघा ओढल्या आणि मग त्यालाही कंटाळा आला.

त्या घागरीने मी पुढे कितीतरी वर्षं पाणी भरलं. एक मात्र केलं: रोजची पहिली घागर मी गल्लीमागच्या बायांच्या मडक्यांत ओतायची. माझ्या बारांतली होती, कोणाची हरकत असायचं कारण नव्हतं. बांबू ठेवून ठेवून उजव्या खांद्याला घट्टा पडला तो अजून आहे, थंडीत मान वळत नाही. वैद्य म्हणतो वाताने. मी त्याला सांगत नाही की हे बारा घागरींचं दुखणं आहे. अकोल्याला मी एकदाच गेले, पुतण्याच्या लग्नाला, दोन दिवसांसाठी. पाटावर बसून पोटभर जेवले, हात धुतले आणि परत आले.